"मुलगा आहे, तीन वर्षांपर्यंत थांबा" या फॉरवर्डला उत्तर

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मूल उशिरा बोललं तरी टेन्शन घेऊ नका, मुलगे तीन वर्षांनंतरच बोलतात, आईनस्टाईनसुद्धा चार वर्षांपर्यंत बोलला नव्हता, घरात दोन भाषा असल्या की उशीर होतोच, जिभेला वेखंड आणि मध लावा, डॉक्टर उगाच टेस्ट लिहून देतात. पाठवणाऱ्याला नव्या आईला धीर द्यायचा असतो हे कळतं मला, पण वाचून जीव कासावीस होतो कारण अशा धीरात मुलाचं एखादं वर्ष सहज निघून जातं.

आधी मुलग्यांचं बघू. सरासरी मुलगे जरा मागे असतात हे खरंय, पण ते अंतर महिन्या-दोन महिन्यांचं असतं, दीड-दोन वर्षांचं नाही. खुणा दोघांनाही त्याच. नऊ महिन्यांच्या आसपास हाक मारली की वळून बघणं, बाबाबा-दादादा चालू होणं, वर्षाच्या सुमारास टाटा करणं, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून आपल्याला काहीतरी दाखवणं आणि मोजके का होईना शब्द, दोन वर्षांचं होईपर्यंत "पाणी दे", "बाबा गेले" अशी जोडी. यातलं काही दिसत नसेल तर दाखवून घ्या. आणि येत असलेले शब्द बंद झाले असतील तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. उशिरा बोलण्यामागे कधी कधी ऑटिझम असतो, म्हणजे मेंदूची वाढ वेगळी झाल्याने बोलणं आणि इतरांत मिसळणं अवघड जातं, आणि त्याचं निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये साधारण चौपट होतं, त्यामुळे "मुलगा आहे ना, मग थांबा" हा सल्ला अगदी उलटा आहे.

आईनस्टाईनबद्दल एवढंच सांगते की तो उशिरा बोलायला लागला म्हणून त्याचे आईवडील काळजीत पडले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं, हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. म्हणजे त्याच्या घरचे पण थांबले नव्हते.

दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. घरात मराठी, पाळणाघरात हिंदी असेल तर दोन्हीकडचे शब्द मिळून मोजायचे, "पाणी" मराठीत आणि "बॉल" इंग्लिशमध्ये म्हणत असेल तर झाले दोन शब्द. काही घरांत डॉक्टरकडे जायच्या ऐवजी आजीला मराठी बोलायचं बंद करायला सांगतात, त्याने नातवाशी सगळ्यात जास्त गप्पा मारणारं माणूसच गप्प होतं, हे फार वाईट वाटतं मला.

जीभ खाली चिकटलेली असेल तर दूध ओढायला किंवा पुढे काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, पण हाक मारल्यावर मूल बघतच नसेल तर त्याचा जिभेशी काय संबंध? आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला बोटावर लावूनसुद्धा द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

आता टेस्ट. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचे पहिल्यांदा कान तपासायचे असतात, आणि नेमकं हेच राहून जातं. हजारात साधारण 1 ते 3 बाळं जन्मतःच कमी ऐकणारी असतात. पण ती बाळंही सुरुवातीचे काही महिने हुंकार देतात, हसतात, त्यामुळे घरात कोणाला शंकाच येत नाही. ताट पडलं की दचकतो, दार आपटलं की वळतो म्हणजे ऐकू येतं असं सगळे धरून चालतात, पण मोठा आवाज कळणारं मूलसुद्धा बोलण्यातले बारीक आवाज न ऐकणारं असू शकतं. आमच्या ओळखीतल्या एका घरात हेच झालं, बाप पण उशिरा बोललेला म्हणून सगळे निवांत राहिले आणि कानाचं मशीन लागलं तेव्हा पोरगं बालवाडीच्या वयाचं झालं होतं, ती आई अजून रडते. जगभरात ठरलेला हिशोब असा आहे की 1 महिन्याच्या आत तपासणी, 3 महिन्यांत निदान, 6 महिन्यांत मशीन आणि थेरपी चालू. जन्मानंतर तपासणी नॉर्मल आली असली तरी पुढे शंका आली की परत करायची, कारण काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होतं. बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ खूप वाढली असेल, मेंदूज्वर झाला असेल किंवा नात्यातलं लग्न असेल तर जास्तच लक्ष ठेवा. कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी बेरा नावाची टेस्ट असते, तिच्या वेळी बाळ झोपलेलं असतं, डोक्याला वायरी चिकटवतात, दुखत नाही.

चालण्याच्या बाबतीत मात्र "थांब गं, चालेल" म्हणणाऱ्या आज्या बऱ्याच अंशी बरोबर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली होती, भारतातलीही होती त्यात, आणि एकट्याने चालायचं वय साधारण 8 पासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं. काही मुलं तर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारचा दहाव्या महिन्यात चालला म्हणून रात्र रात्र जागू नका.

पैशांचं म्हणाल तर 2013 पासून मुलांच्या मोफत तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून त्यात नाव घालता येतं, पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रात होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवणासाठीची केंद्र सरकारची. नऊ महिन्यांच्या किंवा दीड वर्षाच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टर घाईत असले तरी सरळ बोला, "डॉक्टर, याचे कान तपासायचेत, चिठ्ठी द्या."