न घेतलेल्या गाडीचा हप्ता

मला दुचाकी चालवता येत नाही. पुण्यात ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. पोहता येत नाही हे माणूस सहज सांगतो, स्वयंपाक येत नाही हे तर काही पुरुष अभिमानाने सांगतात. पण गाडी येत नाही म्हटलं की समोरचा आधी गप्प होतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "लहानपणी काही झालं होतं का?" लहानपणी काही झालं नव्हतं. कॉलेजात असताना मोठा भाऊ शिकवायला पर्वतीच्या पायथ्याशी घेऊन गेला, मी गाडीसकट एका भेळवाल्याच्या गाडीत शिरलो आणि प्रकरण तिथेच मिटलं. तेव्हापासून पीएमटीची बस, २००७ नंतर तीच पीएमपीएमएलची, आणि लग्नानंतर बायकोच्या स्कूटरची मागची सीट.

अशा माणसाच्या नावाने दुचाकीच्या थकलेल्या कर्जाचं पत्र आलं.

वर लाल ठळक अक्षरांत ‘कायदेशीर कारवाईपूर्वीची अंतिम सूचना’. आधीची कुठलीच सूचना आलेली नव्हती, थेट अंतिमच. २०१२ साली मी म्हणे एका वित्तसंस्थेकडून कर्ज काढून गाडी घेतली, काही हप्ते भरले आणि २०१३ मध्ये बेपत्ता झालो. मग त्या संस्थेने ते बुडीत कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं आणि त्या कंपनीने वसुलीचं काम तिसऱ्या एजन्सीकडे दिलं. माझ्यामागे तीन आस्थापना राबत होत्या आणि मला पत्ता नव्हता. मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि ‘इतर आकार’ मिळून ₹८७,४१३. सात दिवसांत भरा, नाहीतर भारतीय दंड संहितेचं कलम ४२०.

वास्तविक ती दंड संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. पण एजन्सीचीही बाजू समजून घ्यायला हवी. ‘तो माणूस एक नंबरचा तीनशे अठरा आहे’ असं म्हटल्यावर कोण घाबरणार?

बायकोने पत्र दोनदा वाचलं.

"अहो, कुठली गाडी ही?"

"अगं, मला गाडी येते का?"

"तेच म्हणतेय मी. मग घेतली कोणासाठी?"

तेवढ्यात आईने पत्र हातात घेतलं. आई कुठलाही कागद खालून वर वाचते, कारण महत्त्वाचं सगळं तळाला बारीक अक्षरांत असतं असा तिचा अनुभव आहे. तळाला होतं, ‘एकरकमी भरणा केल्यास ६० टक्के सूट’. घरातलं वातावरण एकदम बदललं. साठ टक्के! लक्ष्मी रोडवर दिवाळीनंतरच्या सेललाही कोणी इतकी देत नाही. बायकोने मोबाइलवर हिशेब केला, पस्तीस हजारांच्या आत मिटत होतं. आपण जे घेतलंच नाही ते चाळीस टक्क्यांत मिळतंय, यात काहीतरी फायदा आहे असं सगळ्यांनाच क्षणभर वाटून गेलं. आई म्हणाली, "अजून थोडं कमी करतात का विचार."

विचारायची वेळ आली नाही, कारण फोनच आला. दुपारी दोनला. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलेलं आहे. दुपारी एक ते चारचा उल्लेख त्यात नाही. ते परिपत्रक लिहिताना खोलीत पुण्याचा कोणी नसावा.

"सर, लीगल डिपार्टमेंटमधून बोलतोय. गाडी कुठे आहे?"

"कुठली गाडी?"

"आपली."

"माझ्याकडे गाडी नाही."

"म्हणजे विकली?"

"विकली नाही. घेतलीच नाही. मला चालवता येत नाही."

"मग घरात कोण चालवतं?"

"बायको चालवते."

"म्हणजे गाडी आहे!"

"ती तिची आहे हो. मी मागे बसतो."

पलीकडे टायपिंगचा आवाज आला. ‘कर्जदार गाडी वापरत असल्याचं मान्य करतो’ असं काहीतरी तिथे टाइप होत असणार. सत्य बोलून माणूस इतका अडकू शकतो हे मला पन्नाशीत कळलं. मागे दहाबारा आवाज दहाबारा जणांना ‘गाडी कुठे आहे’ विचारत होते, त्यामुळे ते लीगल डिपार्टमेंट बरंच मोठं असावं. शेवटी तो मुलगा मवाळ होत म्हणाला, "सर, निदान पाचशे रुपये टोकन भरा, म्हणजे मी फाइल वर पाठवत नाही. आणि आधार, पॅनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, व्हेरिफिकेशनला."

प्रश्न असा होता की गाडी येत नाही हे सिद्ध कसं करायचं? आरटीओ लायसन्स देतं, लायसन्स नसल्याचा दाखला मागायला कोणी जात नाही. भावाने साक्ष द्यायची तयारी दाखवली आणि भेळवाल्याचा शोध घेतो म्हणाला. सोसायटीत बातमी पसरली आणि मला गाडी येत नाही हे इतक्या लोकांना इतक्या तपशिलात माहीत आहे, हे मला तेव्हाच समजलं. एकाने तर मी मागे बसल्यावरही वळणावर उलट्या बाजूला कलतो, हे लिहून द्यायची तयारी दाखवली.

मग वरच्या मजल्यावरचे काका आले. काका बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक काकांमधून निवृत्त झालेली नाही. त्यांनी रात्रीत तीन पानी उत्तर लिहून आणलं. सुरुवात ‘महोदय, आपले पत्र पोचले, मनोरंजन झाले’ अशी होती. पुढे एजन्सीच्या शुद्धलेखनाची पाच उदाहरणं, मग माझं चारित्र्य, माझ्या वडिलांचं चारित्र्य, आणि शेवटी ‘कर्ज देताना डोळे उघडे ठेवले असते तर आज ही वेळ आली नसती’.

माझी भाची शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. तिने काकांचं पत्र शांतपणे वाचलं आणि घडी करून त्यांच्याच हातात दिलं. "मामा, पहिली गोष्ट, तुला काही सिद्ध करायचं नाहीये. पैसे मागतायत ते, सिद्ध त्यांनी करायचं. पाचशे काय, पाच रुपयेही देऊ नकोस. अशा वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, हे तर २०१३ चं आहे. पण ‘भरतो’ म्हणून सही करून दिलंस, तर मेलेलं कर्ज उठून बसेल. १८७२ च्या करार कायद्यात तशी सोय आहे. आणि पॅन पाठवलास, तर ज्या कर्जाला आजवर पॅन नव्हता त्याला तुझा चिकटेल."

तिने तिथेच चार ओळी लिहिल्या. पत्रातलं कर्ज मी घेतलेलं नाही आणि मला मान्य नाही. कर्जाचा करार, त्यावरची सही, खातेउतारा आणि कर्ज आपल्याकडे वर्ग झाल्याचा कागद पाठवा. यापुढचा व्यवहार लेखी करा. हे पत्र म्हणजे कुठल्याही देण्याची कबुली नव्हे. बस्स. काकांचा चेहरा पडला. "यात त्यांना लागेल असं काहीच नाही," ते म्हणाले. निदान पत्र रजिस्टर एडीने जाईल एवढी त्यांना आशा होती, तर पोस्टातल्या ताईंनी सांगितलं की रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्येच स्पीड पोस्टात विलीन झालं. काका तिथल्या बाकावर जरा वेळ बसून राहिले.

भाचीने क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा उतारा, तोही काढायला सांगितला. देशात असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, हे ऐकल्यावर काकांना हुशारी आली. "चारही मागव," ते म्हणाले. चारांपैकी एकीत ती दुचाकी सापडली. नाव-आडनाव माझं, पण जन्मतारीख वेगळी आणि मधलं नाव नुसतं एक अक्षर. कुठल्यातरी दुसऱ्याच बापाच्या मुलाची गाडी माझ्या दारात लावली होती. आम्ही तिथेही हरकत नोंदवली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. काकांनी तो नियम वहीत लिहून घेतला आणि कॅलेंडरवर एकतिसाव्या दिवसाभोवती गोल केला. त्यानंतर जिन्यात भेटले की विचारायचे, "अजून काही आलं नाही ना?" आणि मी नाही म्हटलं की समाधानाने वर जायचे.

पण उत्तर आलं, तेही मुदतीच्या आत. ते खातं माझं नसल्याचं मान्य करून रिपोर्टमधून काढून टाकलं होतं. एजन्सीनेही ‘नामसाधर्म्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल’ दोन ओळी खरडल्या. बायकोने साखर घालून शिरा केला, आईने साठ टक्क्यांबद्दल एक निःश्वास सोडला.

काकांना मात्र हे मुळीच रुचलं नाही. "एवढी घाई काय होती त्यांना?" म्हणत त्यांनी नवा रिपोर्ट मागून घेतला आणि चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचायला बसले. थोड्या वेळाने त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. माझ्या पत्त्यात सदाशिवच्या जागी शनिवार पेठ पडलं होतं.

"काका, जाऊ दे ना, टपाल येतं व्यवस्थित."

"जाऊ दे काय? अरे, ते कर्ज निदान दुसऱ्याचं होतं. हा पत्ता तुझा आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं. "आणि हे मी लिहिणार, भाचीला सांगू नकोस. साध्या टपालाने पाठवू. जितकं उशिरा पोचेल तितकं बरं."