लॉबस्टरचं राहू दे, खुराड्यात चल

मागल्या आठवड्यात भाचा पुण्यासनं तासगावला आला होता, एमपीएससी करतोय, आणि जेवायला बसल्या बसल्या मला म्हणाला, मामा पाठ ताठ ठेवा, खांदे मागं घ्या. म्हणलं का रे बाबा? तर म्हणे जॉर्डन पीटरसन. झालं, रात्री साडेअकरापर्यंत तेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कॅनडाचा सायकॉलॉजीचा प्रोफेसर, टोरंटो युनिव्हर्सिटीत होता, २०१६ ला तिथल्या एका कायद्याला विरोध करून गाजला आणि २०१८ ला त्याचं बारा नियमांचं पुस्तक आलं. माणूस बोगस नाही हां. हॉल भाड्यानं घेऊन 'करोडपती व्हा' शिकवणाऱ्यांतला नव्हे, पर्सनॅलिटीवर खरं संशोधन आहे, पेशंट बघितलेत. आधी आपलं घर नीट कर मग जगाला नावं ठेव, हे त्याचं ऐकून आमचा भाचा सकाळी सहाला उठायला लागलाय, जे माझ्या बहिणीला वीस वर्षांत जमलं नव्हतं. (सुट्टीला आला की त्याची खोली अजून तीच आवरते, ते सोडा.)

पण एका विषयात मास्तर असला म्हणून सगळ्याच वर्गांवर तास घ्यायचा का? २०१९ ला टोरंटोत झिझेक नावाच्या स्लोव्हेनियाच्या डाव्या तत्त्वज्ञाबरोबर मार्क्सवादावर जाहीर वाद होता, तिथं हा स्टेजवरनं सांगतो की तयारी म्हणून कम्युनिस्ट जाहीरनामा परत वाचला. एवढीशी पुस्तिका ती! आमच्या चौकात भांडायला याच्यापेक्षा जास्त अभ्यास लागतो.

आता मेन मुद्दा, लॉबस्टर. कोकणात शेवंड म्हणतात त्याला. पीटरसनचं म्हणणं असं की भांडणात हरलेला लॉबस्टर आकसतो, जिंकलेला ताठ चालतो, हा सेरोटोनिनचा खेळ, आणि तेच केमिकल आपल्यातही आहे, म्हणजे ही उतरंड ३५ कोटी वर्षं जुनी, भांडवलशाहीनं आणलेली नाही. बरं, मान्य. भाचा म्हणाला तो हेही सांगतो की उतरंड सडू शकते, खालच्यांच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी लागतं. तेही मान्य, पण रीलमध्ये तेवढा भाग कसा काय कापला जातो बरं? आणि मला प्रश्न असा पडतो की उतरंड मुळात मडक्यांची, ती रचतं कोण?

सकाळी त्याला खुराड्यात नेलं. कोण कुणाला टोचणार याची उतरंड शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांतच पहिल्यांदा मांडली, त्यामुळं म्हणलं लॉबस्टरपेक्षा हे बघ. माझ्या तीसेक गावरान आहेत. त्यात एक तांबडी तलंग, मानेवर पीस नाही, पाठ सोललेली, सगळ्या तिलाच टोचायच्या आणि तिचा नंबर येईपर्यंत भांड्यात नुसता भुगा. मी पण म्हणायचो निसर्गच आहे, काय करणार. मग जनावरांच्या डॉक्टरनी सांगितलं एक खाद्याचं भांडं आणि एक पाण्याचं पलीकडच्या कोपऱ्यात ठेवा. दीडेक महिन्यात तिला पिसं आली. राणी झाली नाही ती, काळी म्हातारी अजून सगळ्यांच्या आधीच चोच घालते, पण तांबडी खाते आता. सेरोटोनिनचं मला काय कळत नाही, भांडं मी ठेवलं होतं एवढं कळतं.

आणि पाण्याचं निघालं म्हणून. इथनं साताऱ्याला कितीसं लांब? १९०० साली नोव्हेंबरात बाबासाहेबांचं नाव तिथल्या शाळेत घातलं. वर्गात बसायला घरनं गोणपाट न्यायचं, आणि तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसला तर तसंच बसायचं. त्या पोराला कुणी जाऊन सांगावं का, की बाळ खांदे मागं घे?

भाचा म्हणाला, मग मेरिट काहीच नाही का मामा? म्हणलं आहे की. पण तुझी अभ्यासिका, मेस, रूम सगळं आपल्या द्राक्षावर चाललंय, आणि आपल्या गड्याचं पोरगं तोच फॉर्म भरून सकाळी आपलीच बाग छाटायला येतंय, रात्री वाचतंय. तो काय बोलला नाही, कोंबड्यांकडं बघत बसला.

दुपारच्या एसटीनं गेला. बहिणीसाठी काढून ठेवलेली अंडी न्यायची राहिली आणि संध्याकाळी फोन करून तिनं मलाच झापलं.