फोटो दाणेदार येणं वेगळं, धूसर येणं वेगळं

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: मॅन्युअल मोड, १/२००० सेकंद शटर आणि ऑटो आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता कॅमेऱ्यानेच ठरवायची) हा इथल्या लेखातला सल्ला मानून नव्या कॅमेऱ्याने सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर भल्या पहाटे फोटो काढले. आयएसओ ६४०० वर गेला, फोटो दाणेदार आणि धूसर आले. तेव्हा ७०-३०० मिमी लेन्सवाल्याने पक्ष्यांच्या नादी लागू नये, हे आधीच सांगायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं.

अर्धी तक्रार रास्त आहे. १/२००० हे उडत्या पक्ष्यासाठी. लेखात ते नीट लिहिलं नव्हतं, ती चूक लेखाची. काठावर निवांत उभ्या बगळ्याला १/५०० पुष्कळ झालं. शटर तेवढं खाली आणलं की चौपट उजेड मिळतो आणि त्याच प्रकाशात ६४०० चा आयएसओ १६०० वर येतो. तारेवर बसलेला कवड्या धीवर (काळा-पांढरा खंड्या) तर लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवून १/२५० लाही निघतो. सलग पाच-सहा फोटो घ्या, एखादा तरी स्वच्छ मिळतो. सूर मारायच्या बेतात दिसला, की मात्र लगेच १/२००० च्या पुढे.

धूसरपणाचं खापर लेन्सवर फोडू नका. तुम्ही पाठवलेला शेकाट्या पक्ष्याचा फोटो मोठा करून बघा. डोळा मऊ आलाय, पण त्याच्या पुढ्यात वीतभर अंतरावरची लव्हाळ्याची काडी कशी धारदार आहे! लेन्स खराब असती तर काडीही तशीच आली असती. पूर्ण फ्रेमवर ठेवलेल्या फोकसने जवळची काडी पकडली, एवढंच झालंय. एकच बिंदू किंवा लहान झोन निवडा, तो डोळ्यावर ठेवा आणि फोकस सतत चालणाऱ्या मोडवर ठेवा (एएफ-सी, कॅननमध्ये सर्व्हो).

नान्नजकडच्या माळावरच्या चंडोलाचा फोटो वेगळ्या कारणाने बिघडला. वेळ सकाळी साडेदहाची, महिना एप्रिल. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, तिला लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. ओळखायची खूण सोपी: सलग दहा फोटो घ्या. प्रत्येकात वेगळाच भाग वितळल्यासारखा दिसला तर दोष हवेचा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. उन्हाळ्यात नऊनंतर माळावर लांबचे फोटो काढूच नयेत, असं स्पष्ट मत आहे. आणि गाडीतून काढताना एसी बंद. आतली थंड आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच एकमेकींत मिसळते आणि तिथेच लहरी तयार होतात.

आता अंतर. १८ सेंटिमीटरचा चंडोल २० मीटरवर असेल तर ३०० मिमीवर सेन्सरवर त्याची लांबी जेमतेम २.७ मिमी भरते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात म्हणजे सुमारे ७०० पिक्सेल. तो १० मीटरवर आला की १,४०० च्या आसपास. महागड्या ६०० मिमीने जे साधतं ते इथे दहा मीटर कमी करून साधतं. त्यासाठी पाठलाग नको. गाडी रस्त्यावरच बाजूला लावा, इंजिन बंद करा, काच उतरवून वीस मिनिटं गप्प बसा. खिडकीवर जुन्या जीन्सच्या पायात दोन किलो ज्वारी भरून शिवलेली पिशवी ठेवा. (पावसाळ्यात ती रिकामी करा, नाहीतर किडे होतात.)

दाणे वाढण्याचं आणखी एक कारण: काळा कोतवाल पक्षी उजळ आकाशासमोर अंधारा येतो, मग कॉम्प्युटरवर तो उजळताना सावल्यांतले दाणे वर येतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) +१ ते +१.५ ठेवा. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याला उलट -१, नाहीतर पिसांचा चुना होतो.

राहिला तुमचा ‘एकमेव बरा आलेला’ फोटो, माळटिटवीच्या अंड्यांपासून हातभर अंतरावरून काढलेला. ही टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तुम्ही तिथे आहात तोवर ती परतत नाही आणि एप्रिलच्या उन्हात अंडी तापतात. कावळेही बघत असतात. ती डोक्यावर येऊन ओरडायला लागली की पुढे एक पाऊल नाही. आलात त्याच वाटेने, खाली बघत, मागे फिरा. तो फोटो इथून काढून टाकलाय, बाकीचे ठेवलेत.