चित्रांचं पुस्तकही वाचावंच लागतं

कोल्हापूरच्या माझ्या भाचीनं वाचन प्रेरणा दिनासाठी 'भीमायन' हे बाबासाहेबांवरचं चित्रांचं पुस्तक निवडलं. शाळेतून निरोप आला : चित्रांचं पुस्तक चालणार नाही, नीट पुस्तक आणा. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामांनी लिहिलं, "बाईंचं बरोबर हाय. काय तरी वाचल्यासारखं वाचावं की." आक्कानं त्यावर अंगठा टाकला. मी पोरीची बाजू घेतली, तर मामांचं उत्तर आलं, "तिकडं चालत असंल तुमच्याकडं."

तेव्हापासून डोक्यातून ते जात नाही.

चांदोबा आणि वेताळ आमच्या घरात सुट्टीपुरते असायचे. दहावीनंतर ते रद्दीत गेले, आणि राजाराम कॉलेजात आम्ही कादंबऱ्यांवर वाद घालायला लागलो तेव्हा कॉमिक्स हा पोरखेळ हे आमच्यात ठरलेलंच होतं. बेल्जियममध्ये गेंटला आलो तेही हेच मत घेऊन. बुधवारी दुपारी शाळा सुटली की लेकाला घेऊन डे क्रोक ग्रंथालयात जायचो. तो 'सुस्के एन विस्के' या डच कॉमिक्सचे लाल अल्बम काढायचा आणि मी शेजारी बसून डच शिकायला त्यातलीच वाक्यं लावायचो. तिथंच एकदा मोठ्यांच्या कपाटातून 'माउस' हातात आलं. आर्ट स्पीगेलमननं वडिलांकडून ऐकलेली छळछावण्यांची हकीकत, ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात एका चौकटीत आईवडील लपायला जागा शोधत निघालेत आणि समोरचा रस्ता फुटतो तो स्वस्तिकाच्या आकारात. जातील तिकडं तेच. हे वाक्यात सांगायला पानभर लागलं असतं, आणि तरी ते असं अंगावर आलं नसतं. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडतं ते लेखक सांगत नाही, वाचणाऱ्यालाच भरून काढावं लागतं. याला वाचन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

'भीमायन' तर आपलंच. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं, २०११ सालचं. त्यात सरळ चौकटीच नाहीत, नक्षीच्या वळणांनी पान विभागलंय. मायेनं बोललेलं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि जातीच्या विषानं बोललेलं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. शाळेत तहानलेल्या भीमाला पाणी नाकारतात ते पान माझ्या भाचीला समजलं, त्यावर तिनं लिहिलं. आणि हे पुस्तक कुठल्या जिल्ह्यात नाकारलं गेलं? मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं, त्या जिल्ह्यात.

इथं ब्रुसेल्सला स्टॉकेल मेट्रो स्थानकाच्या भिंतींवर टिनटिनची अख्खी दुनिया रंगवलीय. व्हिक्टर होर्तानं बांधलेल्या कापडाच्या जुन्या वखारीत १९८९ पासून कॉमिक्सचं संग्रहालय आहे. पेन्शनीतली माणसं ट्रामच्या थांब्यावर स्ट्रिप म्हणजे कॉमिक्स वाचतात, कुणी वळून बघत नाही. पण मामा, मला बेल्जियमचं कौतुक सांगायचं नाहीये. आपल्याला कलापूर म्हणतात. बाबूराव पेंटर चित्रीकरणाआधी पात्रं आणि वेशभूषा कागदावर रेखाटून घ्यायचे, आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवायचे. घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला गेलं की ठाकर समाजातले चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगतात. चित्रातून गोष्ट सांगायची रीत आपल्या दारात असताना तिला कमी लेखायचं, हे मला सहन होत नाही. ती काय इकडून आलेली नाही.

आणि खरं सांगायचं तर राग फक्त पोरीसाठी नाही. लेक मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो आणि पुस्तक मिटतो. डच तो त्या लाल अल्बमांवरच वाचायला शिकला, म्हणून इथल्या फ्लँडर्सच्या गल्ल्या त्याला आपल्या वाटतात. पंचगंगेचा घाट, तालमीची लाल माती, रंकाळ्यावरची संध्याकाळ त्याला माझ्या तोंडून कळते तेवढीच. त्याच्या हातात देता येईल असं कोल्हापूर मी शोधतोय. ते माझ्या मुलापर्यंत पोचलं नाही तर माझं त्या गावाशी नातं किती उरेल, याची मला भीती वाटते. मामांचं 'तुमच्याकडं' म्हणूनच लागलं. शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला आता गावातल्या शाळेबद्दल बोलायचा हक्क नाही, हे मी मानत नाही.

माणगाव परिषदेवर एक मराठी अल्बम निघावा. कलानिकेतन आणि दळवीज या कोल्हापूरच्या चित्रकला संस्थांमधून दरवर्षी हात तयार होऊन बाहेर पडतात, त्यांतल्या कुणी तरी तो काढावा. पैसे घालायची माझी तयारी आहे. चित्रकार मात्र कोल्हापूरचाच पाहिजे.