शेजारच्या बेटावर जायला मायामी कशाला?

काल रात्री पावणेअकराला विमान कंपनीचा ईमेल आला. विषय : ‘आपल्या प्रवासाच्या वेळेत किरकोळ बदल’. उघडला, वाचला आणि अंगाची नुसती लाही लाही झाली. गुड फ्रायडेच्या सकाळचं आमचं विमान त्यांनी शनिवारी दुपारी नेऊन ठेवलंय. परतीचं सोमवारी संध्याकाळचं होतं, ते सोमवारी पहाटेचं केलंय. चार दिवसांच्या सुट्टीतून उरला दीड दिवस, आणि याला हे लोक किरकोळ म्हणतात!

खाली फोन नंबर दिला होता. आज सकाळी आठला लावला. एक्कावन्न मिनिटं एकच धून ऐकली, मग कुणीतरी ‘हॅलो’ म्हणालं आणि लाइन कट झाली. पुन्हा लावला, पुन्हा तीच धून. तीन महिने हेच चाललंय. आता सगळं एकदा लिहूनच काढते, नाहीतर घरच्यांवर राग निघेल.

आम्ही कॅरिबियनमधल्या त्रिनिदादमध्ये राहतो. नवरा पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लांटवर, घर शग्वानासला. अडीच वर्षं झाली. या अडीच वर्षांत दोनदा पुण्याला जाऊन आलो, म्हणजे निम्मी पृथ्वी ओलांडून गेलो नि आलो, पण शेजारचं एकही बेट पाहिलेलं नाही. टोबॅगो पाहिलं, पण ते याच देशात. यंदा ठरवलं, ईस्टरला ग्रेनाडा. पाऊस नसतो, वादळांचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, मुलांना सुट्टी असते. आणि ग्रेनाडाच का, तर जायफळ. त्या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे! आपण पुरणात, श्रीखंडात किसून घालतो, तान्ह्या बाळाला उगाळून चाटवतो, ते झाडावर कसं दिसतं हे मला बघायचं होतं. फळ उकललं की आत काळसर बी आणि तिच्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. बास, एवढं बघायचं होतं. काही जगावेगळी हौस नाही.

अंतर किती? इथल्या पियार्को विमानतळापासून ग्रेनाडाचा विमानतळ साधारण १६५ किलोमीटर. मुंबई-पुणे म्हणा ना. विमान वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं.

जानेवारीत तिकिटं शोधायला बसले. पहिल्या साइटने काय दाखवावं? पोर्ट ऑफ स्पेनहून, म्हणजे इथल्या राजधानीहून मायामी, मायामीहून ग्रेनाडा. दक्षिणेकडच्या बेटावरून त्याच्या लगतच्या बेटावर जायला अडीच हजार किलोमीटर उत्तरेला अमेरिकेत जायचं आणि तेवढंच परत खाली यायचं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हा. शिवाय आमचे पासपोर्ट भारतीय. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं तरी व्हिसा लागतो. ग्रेनाडाला भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्रिनिदादला लागत नाही, पण या दोघांच्या मध्ये त्या साइटने अमेरिकेचा व्हिसा आणून बसवला. म्हटलं मग मार्टिनीक बघू. ते फ्रान्सचं. तिथे फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांसाठीचा वेगळाच व्हिसा. सोडून दिलं.

थेट विमानं आहेत, नाही असं नाही. पण रोज हवी तेव्हा नाहीत आणि भाडं बघून डोळे पांढरे होतात. आमच्या तिकिटाचा तपशील माझ्यासमोर आहे. माणशी मूळ भाडं १२८ अमेरिकन डॉलर. त्याच्यावर कर आणि शुल्कं ११४ डॉलर. इकडून निघायचा कर, तिकडून निघायचा कर, सुरक्षेचा, विमानतळाचा, आणखी दोन अशी अक्षरं ज्यांचा अर्थ कुणी सांगत नाही. जवळजवळ निम्मं तिकीट म्हणजे कर! पाच जणांचे मिळून १२१० डॉलर झाले. लाखभर रुपये. मुंबई-पुण्याएवढ्या अंतराला. आणि ही सरकारं एकमेकांना भाऊ-बहीण म्हणवतात.

पाच जण कोण? आम्ही चौघं आणि टँटी.

टँटी आमच्या शेजारी राहते, वय ७१. इकडे मावशी-आत्याला टँटी म्हणतात आणि ती आमच्या सगळ्या गल्लीचीच टँटी आहे. तिची आई ग्रेनाडाची, ग्वाव नावाच्या गावची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्रिनिदादच्या तेल उद्योगात काम होतं म्हणून ग्रेनाडाहून शेकडो माणसं आली, त्यातच तीही आली, शिडाच्या जहाजातून. संध्याकाळी ग्रेनाडाच्या राजधानीहून, सेंट जॉर्जेसहून निघाली, दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला उतरली. खिशात जहाजाच्या भाड्यापुरते पैसे होते म्हणे, तेवढे पुरले. तिची मुलगी, म्हणजे आमची टँटी, या देशात जन्मली, वाढली, म्हातारी झाली आणि तिने आईचं गाव अजून पाहिलेलं नाही. एकदाही नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, “पोरी, जेव्हा पैसे होते तेव्हा विमान नव्हतं, जेव्हा विमान होतं तेव्हा पैसे नव्हते.”

मग मीच म्हटलं, चल आमच्याबरोबर. ७१व्या वर्षी तिने पहिल्यांदा पासपोर्ट काढला. फोटो काढायला केस सेट करून गेली. ग्वावला जायफळ वाळवायचं, निवडायचं मोठं केंद्र आहे, तिची आई लहानपणी असल्याच कामाला जायची. ते तिला बघायचं आहे, आणि आजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची आहे. बॅग तिने महिन्याभरापूर्वीच भरून ठेवली. मला उघडून दाखवली : पांढरा फ्रॉक, मेणबत्त्यांचं पुडकं, आणि येताना जायफळं आणायला बिस्किटांचा रिकामा डबा, त्यात तळाशी टिश्यू पेपर घडी घालून. तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून मी इतकी चिडले आहे.

तिकिटं झाली तरी पुढे डॉलर. तेल-वायूचं उत्पन्न घटल्यापासून त्रिनिदादमध्ये परकीय चलनाची चणचण आहे, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बँकेत आपलेच पैसे पडलेले असतात आणि त्याचे अमेरिकन डॉलर मागायला गेलं की तिकीट दाखवा, पासपोर्ट दाखवा, फॉर्म भरा, उद्या या. दोन खेपा घातल्यावर माणशी २०० मिळाले. गेस्ट हाऊसवाल्यांना आगाऊ रक्कम हवी, तीही कार्डानेच. कार्डाची महिन्याची डॉलरची मर्यादा मुलाच्या ऑनलाइन क्लासच्या फीमध्येच संपलेली. शेवटी पुण्याहून माझ्या भावाने त्याच्या कार्डावरून भरले. पुण्याहून! त्रिनिदादच्या बाईला ग्रेनाडात खोली घ्यायला सदाशिव पेठेतल्या माणसाची मदत लागते, याला काय म्हणायचं? ग्रेनाडात चालतो पूर्व कॅरिबियन डॉलर, तो एका अमेरिकन डॉलरला २.७० असा १९७६पासून बांधलेला आहे. त्रिनिदादचा डॉलर वेगळा, बार्बाडोसचा वेगळा. शेजारच्या घरी जायचं तरी मधे अमेरिकेचा खिसा लागतोच.

कुणी म्हणेल, बोटीने जा. मीही तेच म्हटलं होतं! पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोला रोज मोठ्या फेरीबोटी जातात, सरकार त्यावर पैसे घालतं. सेंट लुशिया, मार्टिनीक, डॉमिनिका, ग्वादलूप ही बेटंसुद्धा फेरीबोटीने जोडलेली आहेत. मग त्रिनिदाद-ग्रेनाडा का नाही? आंबे, केळी, भाजी घेऊन लहान जहाजं अजूनही येतात-जातात. केळी येऊ शकतात, माणसं नाही.

आणि हे कधी जमलंच नव्हतं असंही नाही. १९५८मध्ये इथल्या दहा ब्रिटिश वसाहतींचं मिळून वेस्ट इंडीज फेडरेशन नावाचं एक संघराज्य झालं होतं, राजधानी इथेच, पोर्ट ऑफ स्पेनला. तेव्हा कॅनडाने दोन जहाजं भेट दिली, फेडरल पाम आणि फेडरल मेपल. ती बेटाबेटांतून माणसं घेऊन फिरायची. फेडरेशन १९६२मध्ये मोडलं, पुढे जहाजंही गेली. मग लिआट ही विमान कंपनी होती, १९५६मध्ये माँटसेराटला सुरू झालेली, लहान विमानांनी सगळी बेटं जोडणारी. लोक तिला शिव्या घालत, पण ती जायची. २०२०मध्ये तीही बसली. पन्नास-साठ वर्षांत पुढे जायचं सोडून हे लोक मागे आलेत.

क्रिकेटसाठी मात्र सगळं जमतं. २००७चा वर्ल्ड कप आपल्याला आठवतो तो क्वीन्स पार्क ओव्हलवर बांगलादेशकडून हरलो म्हणून. मला आता त्याची दुसरीच गोष्ट आठवते. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते १५ मे या काळात दहा देशांनी मिळून एकच प्रवासक्षेत्र केलं होतं. पहिल्या देशात शिक्का मारला की पुढे नऊ ठिकाणी देशांतर्गत प्रवासासारखं फिरा. साडेतीन महिने! करून दाखवलं! वर्ल्ड कप संपला आणि भिंती पुन्हा उभ्या. म्हणजे जमत नाही हे खोटं आहे. पाहुण्यांसाठी जमतं, घरच्यांसाठी जमवायचं नाही, एवढंच. टीम एक, युनिव्हर्सिटी एक, शाळेच्या परीक्षेचं बोर्ड एक, आणि म्हातारीला आईच्या गावी जायला रस्ता नाही.

सगळ्यात जास्त तिडीक कशाची येते सांगू? क्रूझची. फ्लोरिडाहून, प्वेर्तो रिकोहून निघालेली ती पांढरी प्रचंड जहाजं सकाळी सेंट जॉर्जेसला लागतात, हजारो लोक उतरतात, जायफळाचं आइस्क्रीम खातात, संध्याकाळी पुढच्या बेटाला निघतात. आठवड्यात पाच-सहा बेटं. त्यांच्यासाठी ही बेटं एका माळेतले मणी आहेत. त्यांच्यासाठी धक्के बांधले, बाजार बांधले. ज्यांच्या आज्या-पणज्या या समुद्रातून होडीने ये-जा करायच्या, त्यांनी एक बेट बघायला लाख रुपये मोजायचे, तीन महिने खपायचं आणि मग एका रात्री ‘किरकोळ बदल’.

आता मार्ग काय? तिकीट रद्द केलं तर पैसे परत नाहीत, वर्षभरात वापरायचं क्रेडिट. गेस्ट हाऊसची शुक्रवारची रात्र बुडाली, ते म्हणतात विमानाचं आम्हाला सांगू नका, आणि त्यांचंही चुकलेलं नाही. दीड दिवसात ग्वाव होईल, ग्रँड आन्सचा किनारा नाही होणार, मुलं रडतील. पण रविवार ईस्टरचा. त्या दिवशी जायफळाचं केंद्र बंद असणार. म्हणजे आई करायची त्या कामाची जागा टँटीला बंद दारातून बघावी लागणार.

मला शुक्रवार परत हवा आहे. क्रेडिट नको, दिलगिरी नको, शुक्रवारचं विमान हवं.

टँटी आज संध्याकाळी कुंपणापाशी आली होती. तिने विचारलं, विमानात आपलं खाणं नेऊ देतात का, मुलांसाठी नारळाचा ब्रेड करणार आहे. मी हो म्हटलं. ईमेलचं अजून सांगितलेलं नाही. उद्या आठला पुन्हा फोन लावणार आहे.