धुळ्याच्या दादांना उत्तर: लोडमॉड्यूलच्या ओळींवर भिस्त नको

दादा, आडपडदा न ठेवता लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं: अपाची या वेब सर्व्हरच्या १.३ आवृत्तीचं मॉड्यूल (जोडभाग) २.४ वर आणताना मी हुकच्या (ठरल्या टप्प्यावर सर्व्हर मॉड्यूलचं जे फंक्शन बोलावतो, त्याच्या) क्रमासाठी आधी-नंतरच्या मॉड्यूलांच्या नावांच्या याद्या द्यायला सांगितल्या, तो नसता उपद्व्याप. कॉन्फिगमधल्या, मॉड्यूल चढवणाऱ्या लोडमॉड्यूलच्या दोन ओळी वर-खाली केल्या की भागतं, तुमच्याकडे वर्षानुवर्षं भागतंय.

भागत असेल, पण कशामुळे? १.३ मध्ये नवं मॉड्यूल यादीच्या डोक्यावर बसायचं, म्हणून शेवटी जोडलेलं आधी चालायचं. २.० ने ती पद्धत मोडीत काढली. आता हुकची नोंद आकड्यासह होते (फर्स्ट ०, मिडल १०, लास्ट २०) आणि एपीआर (अपाचीची पायाभूत लायब्ररी) ती यादी क्यूसॉर्ट या सॉर्टिंगच्या फंक्शनने लावतं. आकडे सारखे असले तर कोण आधी, याची हमी क्यूसॉर्ट देत नाही. ग्लिबसीवर (बहुतेक लिनक्सच्या सी लायब्ररीवर) बहुधा मूळ क्रम टिकतो, म्हणून तुमचं निभावलं. तोच कोड आल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये नेऊन बघा. तिथल्या मसल या सी लायब्ररीचं क्यूसॉर्ट आतून स्मूथसॉर्ट आहे, तो बरोबरीतल्यांचा क्रम जपत नाही.

समजा रावेर-सावद्याच्या केळीचे भाव दाखवणारं एक मॉड्यूल आहे आणि लॉगिन तपासणारं दुसरं. लॉगिनवालं पोस्ट-कॉन्फिगमध्ये (कॉन्फिग वाचून झाल्यावरच्या टप्प्यात) शेअर्ड मेमरी (सगळ्या प्रोसेसना सामाईक जागा) तयार करतं, भाववालं त्याच टप्प्यात ती शोधतं. दोघंही मिडलवर. भाववाल्याची पाळी आधी लागली की पॉइंटर नल आणि सर्व्हर उठायच्या आधीच आडवा! भाववाल्याला लास्टवर ढकलता येईल, पण उद्या तिसरंही लास्टवर आलं की पुन्हा तेच. त्यापेक्षा त्याच्या नोंदणीत ‘माझ्या आधी मॉड_लॉगिन.सी’ असं नाव द्या, मग आकडा काही का असेना. खुद्द अपाचीचं यूआरएल बदलणारं मॉड_रिराइटसुद्धा फिक्सअप या टप्प्याच्या हुकवर मॉड_प्रॉक्सीचं नाव असंच देतं.

‘नाव चुकलं तर कळणार कसं?’ हा तुमचा प्रश्न मात्र नेमका आहे. सर्व्हर चकार शब्द काढत नाही, ते नाव गुपचूप सोडून देतो. आणि नाव येतं सोर्स फाइलवरून. पोर्ट करताना कुणी .सी ची .सीपीपी केली की यादी निकामी! त्यावर उपाय आहे: शो_हुक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करून कॉन्फिग तपासायची कमांड चालवा. ‘सॉर्टिंग पोस्ट_कॉन्फिग’ असं लिहून पुढे मॉड्यूलं खऱ्या क्रमाने छापलेली दिसतात.

पोस्ट-कॉन्फिग दोनदा चालतं, ही तक्रार माझ्या कोडवर नको. सुरू होताना अपाची कॉन्फिगच दोनदा वाचतो. २.४ मध्ये एपी_स्टेट_क्वेरी या फंक्शनला विचारून पहिली फेरी सोडायची. डेटाबेसचं कनेक्शन मात्र तिथे उघडूच नका, फोर्कनंतर (सर्व्हरने चाइल्ड प्रोसेस काढल्यावर) त्या सगळ्या चाइल्ड प्रोसेस एकाच सॉकेटवर बोलायला लागतात. ते काम चाइल्ड-इनिटचं, म्हणजे प्रत्येक चाइल्ड सुरू होतानाच्या हुकचं.

तुमच्या सर्व्हरवर शो_हुक्स चालवा आणि ती सॉर्टिंगची ओळ इथे टाका. मिडलवर किती जण बसलेत ते बघू.