काय लागतंय त्याला!

14 ऑक्टोबर 2025ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10चा सपोर्ट थांबवला. आमच्या लॅपटॉपात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज 11ची दारं बंद. राजारामपुरीतला एक दुकानदार म्हणाला, "विंडोजऐवजी चालणारी ती फुकटातली सिस्टीम, उबुंटू, टाक की भावा, काय लागतंय? नेक्स्ट, नेक्स्ट दाबत जायचं." या 'काय लागतंय'वर निम्मं कोल्हापूर चालतं आणि उरलेलं निम्मं ते निस्तरत बसतं.

डी ड्राइव्हवर आबांच्या गुऱ्हाळाचा हिशेब होता. त्यामुळं आबा खुर्ची ओढून शेजारीच बसले. भाऊबंदकीच्या वाटण्यांत उभा जन्म गेलेला माणूस.

तयारी मी केली होती. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेऊन फायली उघडून बघितल्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली. जोडलेलीच नसलेली डिस्क चुकूनही पुसता येत नाही. फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण ते चालू असलं की विंडोज शट डाउनच्या नावाखाली अर्धवटच झोपतं. मग विंडोजमधूनच डी आकसून 60 जीबी मोकळी केली.

पेनड्राइव्हवरनं उबुंटूचा इन्स्टॉलर चालू केला. पडद्यावर एक पर्याय : 'इरेज डिस्क'. खाली बारीक अक्षरात, तुमचं सगळं जाईल. "असलं नेहमी बारीकच लिहितात," आबा म्हणाले. 'विंडोजच्या शेजारी' हा पर्यायही त्यांना पटला नाही. हद्द दुसऱ्यानं घातलेली त्यांना चालत नाही. राहिलं 'समथिंग एल्स', म्हणजे हद्दी आपणच आखायच्या.

"एसडीए कोण?"

"हार्डडिस्क. एसडीबी पेनड्राइव्ह."

"कशावरनं?"

"ही 500 जीबी, ती 16."

"मग नाव सोड, आकार बघ. आणि हा 100 एमबीचा तुकडा कुणाचा?"

"ईएफआय. मशीन चालू होताना सिस्टीम तिथनं उठते. दोघांनाही लागतो."

"म्हंजे सामाईक वाट. ती नांगरायची नाही." फॉरमॅटची चौकट तेवढी कोरी ठेवली. एवढं नेमकं मला एकाही व्हिडिओनं सांगितलं नव्हतं.

मोकळ्या जागेवर ईएक्सटी4, म्हणजे लिनक्सची फायली ठेवायची पद्धत, आणि माउंट पॉइंट रूट, म्हणजे उबुंटूचं मूळ घर तिथंच. 'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर शेवटची चौकट आली : हे हे बदल डिस्कवर लिहिणार. तोवर काहीच लिहिलेलं नसतं, मागं फिरता येतं. आबांनी ती माझ्याकडनं पंचनाम्यासारखी मोठ्यानं वाचून घेतली, दोनदा. मग मान हलवली.

पुढं घड्याळाची वेळ ठरवायला टाइम झोनचा नकाशा आला. भारतावर ठिपका आणि खाली नाव, कोलकाता.

आबा ताडकन उठले. "थांब! कुणाचा उतारा काढलास ह्यो?"